फोमवरच्या डोंगराला पावसाळ्यात पोपडे का येतात आणि ते कसे थांबवायचे

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे छोटे रूळ आणि देखावा मांडलेल्या पाटावर, एप्रिल-मेमध्ये फोम कोरून आणि वर पीओपीचा थर देऊन केलेला डोंगर. जुलैच्या अखेरीस बोगद्याच्या तोंडाशी केसाएवढी भेग दिसते, ऑगस्टमध्ये तिची कड उचलते आणि गणपती येईपर्यंत तळहाताएवढी खपली हातात येते. खाली फोम निळाशार, स्वच्छ, जणू त्यावर कधी काही लावलंच नव्हतं. बहुतेक जण त्या जागी पुन्हा पीओपी थापतात, रंग मारतात आणि पुढच्या पावसाळ्यात तोच तुकडा पुन्हा उचलतात.

दोष पीओपीला किंवा गोंदाला दिला जातो. खरं कारण साधं आहे: फोम पाणी पीत नाही. विटेची भिंत पिते, प्लायवूड पितं, जुन्या पद्धतीची जाळी आणि कागदाचा लगदा तर भरपूर पितो. फोमवर लावलेल्या ओल्या थरातलं पाणी मात्र खाली जाऊच शकत नाही, ते फक्त वरून हवेत जातं. आणि मुंबईची हवा जून ते सप्टेंबर स्वतःच भिजलेली असते. या एका गोष्टीतून निम्म्याहून जास्त बिघाड निघतात, म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू करायची.

फोम कोणता आहे ते आधी पाहा

टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा, मण्यामण्यांचा थर्माकोल म्हणजे ईपीएस. गच्चीवर उष्णता अडवायला टाकतात तो निळा किंवा गुलाबी, घट्ट, गुळगुळीत पाठीचा बोर्ड म्हणजे एक्सपीएस. दोन्ही पॉलिस्टायरीनच, पण वागणूक वेगळी. थर्माकोलच्या मण्यांमधल्या फटींत थर थोडा तरी रुततो. तो सुटतो तेव्हा मणी घेऊन सुटतो. एक्सपीएसची पाठ कारखान्यातून काचेसारखी येते, तिच्यावर काहीही धरत नाही. डोंगर कोरायला आणि रूळ टाकायला एक्सपीएसच चांगला, यात वाद नाही. पण तो वापरायचा तर पाठ खरवडण्याचं काम टाळता येत नाही. मखराच्या थर्माकोलची सवय असलेले हात इथेच चुकतात. शिवाय सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. खोक्यातला जुना थर्माकोल डोंगराच्या आत भरणी म्हणून घाला, वरचा ५० मिमी एक्सपीएसचा ठेवा.

खपली उलटी करून वाचा

दुरुस्तीच्या आधी निदान. नखाने किंवा पेन्सिलीच्या मागच्या टोकाने डोंगरावर दर २० मिमीवर टकटक करा. चिकटलेला थर बारीक, बसका आवाज देतो. सुटलेला भाग पोकळ वाजतो. पोकळ भागाची हद्द पेन्सिलीने आखून घ्या. ती डोळ्यांना दिसणाऱ्या भेगेपेक्षा जवळपास नेहमीच मोठी निघते.

मग त्या हद्दीच्या आत नव्या ब्लेडने २० मिमीचा चौकोन कापून काढा आणि त्याची पाठ उजेडात धरा.

पाठ गुळगुळीत, चकचकीत आणि फोम स्वच्छ: फोमची पाठ खरवडली नव्हती, किंवा खरवडल्यावर धूळ पुसली नव्हती. हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो.

पाठ भुसभुशीत, बोटाला पांढरी पूड लागते: पीओपी शिळं होतं, पाणी जास्त झालं होतं, किंवा गोठण्याआधीच पंख्याने वाळलं.

पाठीवर दुधाळ, मऊ, बोटाने ओढला तर तार सुटणारा गोंद: पाणी अजून आतच आहे. हा थर दोन महिने झाले तरी वाळलेला नसतो.

फोमला खळगे, कडा कडक आणि तकतकीत: कुठलं तरी द्रावक लागलंय. स्प्रे पेंट, थिनर किंवा रबरी गोंद.

खपलीबरोबर फोमचे कण किंवा मणी निघाले: चिकटण अव्वल होतं, तुटला तो फोम. म्हणजे खालचा सांगाडा हललाय. ही भेग बहुधा सरळ रेषेत असते, दोन बोर्डांच्या सांध्यावर किंवा फोम आणि प्लायच्या कडेवर.

यातलं कुठलं आपल्याकडे आहे हे कळल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. तिसऱ्या प्रकारावर पहिल्याचा इलाज केला तर ओल आणखी कोंडते.

पाण्याचा हिशेब

एक किलो प्लॅस्टर ऑफ पॅरिसला गोठायला रासायनिकदृष्ट्या सुमारे १८६ ग्रॅम पाणी पुरतं. तेवढं पाणी जिप्समच्या स्फटिकांत कायमचं बांधलं जातं. पण तेवढ्या पाण्यात लापशी होत नाही, म्हणून आपण ६०० ते ६५० मिली घालतो. वरचं जवळपास साडेचारशे ग्रॅम पाणी काहीच काम करत नाही, ते थरात नुसतं बसलेलं असतं आणि उडून जायची वाट पाहत असतं. पीओपी वीस मिनिटांत कडक झालं म्हणजे वाळलं, असं मुळीच नाही. कडक होणं ही रसायनाची गोष्ट, वाळणं हवेची.

त्या ओल्या थरावर एनॅमल किंवा ऑइल पेंट चढला, किंवा घट्ट गोंदात गवत-मातीची पावडर बसवली, की वरचाही दरवाजा बंद. खाली फोम, वर रंगाची कातडी, मध्ये पाणी. साधा पांढरा गोंद पाणी लागलं की परत मऊ होतो, त्यामुळे चिकटणीचा थर हळूहळू पुन्हा दुधाळ होतो आणि सुटतो. केसाएवढी भेग हा शेवटचा टप्पा; बिघाड त्याच्या दोन महिने आधीचा.

वाळलं की नाही हे नुसतं हात लावून पक्कं कळत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. डोंगरावर थर लावताना त्याच मिश्रणाचा, त्याच जाडीचा थर ३०० बाय २०० मिमीच्या फोमच्या तुकड्यावर लावा आणि तो तुकडा डोंगराशेजारी ठेवा. रोज त्याच वेळी वजन करून मागे पेन्सिलीने लिहा. सलग दोन दिवस आकडा बदलला नाही की डोंगर वाळला. ३ मिमीच्या थराला जानेवारीत दोन-तीन दिवस पुरतात. जुलैत दहा दिवस लागले तरी नवल नाही.

सुटलेला भाग पुन्हा बसवणं

पोकळ वाजणाऱ्या हद्दीच्या २० मिमी बाहेरून कापा, कड उभी न ठेवता तिरकी उतरती ठेवा. नवा थर तिरक्या कडेवर चढतो, उभ्या कडेशी नुसता टेकतो. उघडी पडलेली जागा पंख्याखाली दोन दिवस तशीच राहू द्या. फोमला गरज नाही, पण भोवतालच्या पीओपीच्या कडांमध्ये ओल असते.

फोमची पाठ ६० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवी-उभी घासा, चकाकी पूर्ण जाईपर्यंत. मग तारेच्या ब्रशने ठोकून ठोकून ३-४ मिमी खोल भोकं पाडा; ब्रश ओढायचा नाही, उभा आपटायचा. धूळ आधी कोरड्या ब्रशने, मग ओल्या फडक्याने. ही धूळ पुसणं लोक सोडून देतात आणि मग खपलीच्या पाठीवर फोमची निळी पूड चिकटलेली सापडते.

आता पकड देणारा थर. इथे साध्या पांढऱ्या गोंदाऐवजी बाहेरच्या भिंतींचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन रंग वापरा, मातकट किंवा करडा, पाणी न घालता. तो वाळल्यावर पाण्याने मऊ होत नाही. ओला असतानाच त्यावर चाळलेली बारीक वाळू भुरभुरा, पोळीला पीठ लावतो तेवढी. वाळला की पाठ खरखरीत पॉलिश पेपरसारखी होते, आणि पीओपीला धरायला दात मिळतात. पावसाळ्यात याला पूर्ण एक दिवस द्या.

त्यावर कापड. औषधांच्या दुकानात हाड मोडल्यावर बांधायची पीओपीची पट्टी मिळते, १५ सेंमी रुंदीची घ्या. हात-दीड हाताचे तुकडे कापून पाण्यात तीन-चार सेकंद बुडवा, हलकं निथळा आणि एकावर एक तिसरा हिस्सा चढवत लावा. दोन थर पुरतात. पट्टी कापलेल्या हद्दीबाहेर जुन्या पीओपीवर ३० मिमी जाऊ द्या, पण त्याआधी तिथला जुना रंग खरवडून पीओपी ब्रशने पाण्याने ओलं करा. कोरडं जुनं पीओपी नव्यातलं पाणी ओढून घेतं, मग नवं गोठायच्या आतच सुकतं आणि कडेला पूड होते. दुरुस्तीच्या कडेने वर्षभरात गोल भेग दिसते ती यामुळेच.

पट्टीवर शेवटचा हात: १०० ग्रॅम पीओपीला ६० ते ६५ मिली पाणी. पाण्यात पीओपी भुरभुरायचं, पीओपीवर पाणी ओतायचं नाही. मिनिटभर भिजू द्या, मग सावकाश ढवळा. जोरात ढवळलं तर बुडबुडे राहतात आणि गोठणंही घाईने होतं. भांडं दर वेळी धुऊन घ्या, कारण कडेला चिकटलेले जुने कण नव्या पीओपीला लगेच गोठवतात. थर ३ मिमीच्या वर नको. जाडी हवी असेल तर ती फोमने आणा.

पीओपी ताजं आहे का याची परीक्षा आधी वाटीत करा: ५० ग्रॅम पीओपी, ३० मिली पाणी. वीस मिनिटांत नखाचा ओरखडा उठू नये. अर्ध्या तासानेही मऊ असेल तर ती पिशवी फेकून द्या. उघड्या पिशवीतलं पीओपी पावसाळ्याची हवा पिऊन आधीच थोडं गोठलेलं असतं. कधी ते फार लवकर आवळतं, कधी आवळतच नाही, आणि दोन्ही वेळा भुसभुशीत राहतं. किलोकिलोच्या पिशव्या आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वीस किलोचं पोतं स्वस्त पडतं हे खरं, पण ऑक्टोबरमध्ये त्यातलं अर्धं टाकावंच लागतं.

रंगाबद्दल एक सोपी युक्ती. पीओपी कालवतानाच पाण्यात काळ्या आणि पिवळ्या स्टेनरचे (भिंतीच्या रंगात मिसळायच्या घट्ट रंगाचे) थेंब टाका, १०० ग्रॅमला चार-पाच थेंब, त्याहून जास्त टाकलं तर थर कमकुवत होतो. मग पुढे कुठे कोपरा उडाला तरी पांढरा डाग चमकत नाही.

दोन बोर्डांमधला न वाळणारा गोंद

बोर्डावर बोर्ड चिकटवून डोंगर उभा करताना मध्ये पांढरा गोंद पसरवतात. या गोंदात साधारण निम्मं पाणी असतं. ६०० बाय ६०० मिमीचे दोन बोर्ड एकमेकांवर बसले की मधल्या गोंदातलं पाणी फक्त कडेने बाहेर जाऊ शकतं, म्हणजे ३०० मिमीचा प्रवास, तोही कागदाएवढ्या फटीतून. कडा दोन दिवसांत कडक होतात, मध्यभाग महिनोन्‌महिने लोण्यासारखा राहतो. मग डोंगर कोरायला घेतला आणि कड कापली गेली, की वरचा बोर्ड सरकतो.

तपासायला वरच्या बोर्डात मध्यावर ३ मिमी ड्रिल घालून बिटाचं टोक पाहा. पांढरा लगदा आला तर निदान पक्कं. इलाज: दर ५० मिमीवर ३ मिमीची भोकं गोंदाच्या थरापर्यंत पाडा, आठवडाभर पंखा सोडा, मग त्याच भोकांत जळलेल्या उदबत्तीच्या काड्या किंवा बांबूच्या सळया तिरक्या खुपसून कापून टाका. पुढे कोरताना त्या काड्या कटरच्या पात्याखाली येतात. लोखंडी खिळा आला असता तर पातं गेलं असतं, म्हणून काडीच बरी.

नव्याने चिकटवताना गोंद पसरवू नका. १५ मिमी पट्ट्यांत, पट्ट्यांमध्ये ४० मिमी मोकळी जागा सोडून आणि पट्ट्या कडेपर्यंत नेऊन लावा, हवेला वाट राहते. किंवा बंदुकीने सोडतात तो पॉलियुरेथेन फोम वापरा. हा हवेतल्या ओलाव्यावरच गोठतो, मुंबईच्या जुलैत त्याचं उत्तम चालतं. मात्र तो फुगतो आणि बोर्ड उचलतो. दोन तास वर विटा किंवा पाण्याचे कॅन ठेवा, आणि हातमोजे घाला, कातडीवरून तो आठवडाभर निघत नाही.

खळगे पडलेला फोम

पॉलिस्टायरीन थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन यांत विरघळतं. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी खळगे पडतातच, कारण द्रावक नाव बदलून येतं. डब्यातला स्प्रे पेंट, चपलेला आणि रेक्झिनला लावायचा पिवळा रबरी गोंद, लगेच चिकटणारा पातळ गोंद, नेलपॉलिश रिमूव्हर. पीओपीवर स्प्रे मारला तरी भेगेतून किंवा विरळ जागेतून तो खाली पोचतो, आणि वरून काही न दिसता आत पोकळी होते. कुठलंही नवं रसायन आधी फोमच्या कपच्यावर टाकून रात्रभर पाहा.

पडलेला खळगा स्वच्छ कापून, कडेची काचेसारखी कडक कातडी काढून टाका. तिच्यावर काही धरत नाही. मोठ्या खळग्यात फोमचा तुकडा बसवा, लहानात अ‍ॅक्रिलिक भिंतीची पुटी दोन हातांत भरा. स्प्रे मारायचाच असेल तर आधी इमल्शनचे दोन पूर्ण थर द्या.

उष्णतेचंही तसंच. थर्माकोल ८० अंशांच्या आसपास बसायला लागतो. हेअर ड्रायर गार हवेवर ठेवा. रुळांना तार डाखताना स्लीपरखाली पोलादी पट्टी सरकवा, नाहीतर सोल्डरिंगच्या टोकाखाली फोम खचून रूळ अर्धा मिलिमीटर बसतो आणि नेमका तिथे डबा उतरतो. तापलेल्या तारेने कापताना धूर होतो, तो काम गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी करून टाळा.

सरळ रेषेतली भेग

ही पाण्याची नाही, हालचालीची भेग. पॉलिस्टायरीन दर मीटरला, दर १० अंशांना सुमारे ०.७ मिमी लांबतं-आखडतं. रुळाचा धातू त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. प्लायवूड उन्हाने फारसं हलत नाही, पण ओलाव्याने फुगतं, आणि फोम ओलाव्याने हलत नाही. म्हणजे चौकट आणि डोंगर वर्षातून दोनदा एकमेकांच्या विरुद्ध सरकतात. पश्चिमेच्या गॅलरीतले किंवा पत्र्याखालच्या पोटमाळ्यावरचे लेआउट यामुळे सर्वांत जास्त फुटतात.

अशा सांध्यावर पीओपी भरलं तर ते फुटणारच, कितीही वेळा भरा. सांधा ४ मिमी रुंद उघडून त्यात खिडक्यांच्या फटी भरतात तो अ‍ॅक्रिलिक सीलंट भरा, ओल्यावरच माती भुरभुरा आणि वरून झुडपांची रांग न्या. प्लायच्या उघड्या कडांना दोन हात वॉर्निश दिलं की फुगणं बरंच कमी होतं.

खडीखालची ओल

रुळाखालच्या खडीतही तोच खेळ, फक्त लहान प्रमाणात. भारतीय रेल्वेची खडी ६५ मिमी मापाची. मॉडेल रेल्वेच्या एचओ या मापात, म्हणजे १:८७ प्रमाणात, ती पाऊण मिलिमीटर होते. बांधकामाची दगडाची पूड आणून २० नंबरच्या जाळीतून पडेल आणि ४० नंबरच्या जाळीवर राहील तेवढीच घ्या, ती जवळपास बरोबर मापाची बसते. बाजारात तयार मिळणारी खडी बहुतेक वेळा मोठी असते, एचओच्या रुळात ती फोडलेल्या नारळाच्या तुकड्यांसारखी दिसते.

ही पूड धुवा, तीन पाण्यांतून, पाणी स्वच्छ येईपर्यंत. न धुतलेल्या खडीतली बारीक धूळ गोंदाबरोबर वर येऊन वाळल्यावर पांढरट साय धरते. वाळली की तिच्यावरून चुंबक फिरवा. आपला काळा दगड बेसाल्ट, त्यात लोहाचे चुंबकीय कण असतात. ते सुटले तर इंजिनाच्या मोटारीत जाऊन बसतात. चुंबकाला लागलेली काळी मिशी पाहिली की हे काम पुन्हा कधी चुकत नाही.

लावताना खडीत खड्डे पडत असतील किंवा थेंब पाऱ्यासारखा वर तरंगत असेल तर भिजवण कमी आहे. २५० मिली पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, किंवा निम्मं पाणी निम्मं सर्जिकल स्पिरिट, बारीक फवाऱ्याने खडी रुळासकट पूर्ण भिजवा. मग एक भाग गोंद, तीन भाग पाणी, ड्रॉपरने स्लीपरच्या मधोमध. फोमवर हे पाणी खाली मुरत नाही, रुळाखालच्या कॉर्कमध्ये साचतं, म्हणून एका दिवसात अर्ध्या मीटरच्या पुढे जाऊ नका आणि पावसाळ्यात चार दिवस गाडी चालवू नका. गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्यांच्या हलत्या पात्यांवर आधी तेलाचा एक थेंब, नाहीतर ती चिकटतात.

रूळ धरायला ठोकलेले लोखंडी खिळे याच पाण्याने गंजतात आणि खडीत तांबूस वर्तुळं उमटतात. गोंद वाळल्यावर खिळे उपटून टाका, किंवा पितळेचे वापरा. उमटलेला डाग धुऊन जात नाही; तिथे इंजिन उभं राहून तेल सांडल्याचा काळपट डाग रंगवला तर खराच वाटतो.

बुरशी

करडे-हिरवे ठिपके, कुबट वास, बहुतेक वेळा झाडांच्या बुंध्यापाशी. लाकडाचा भुसा, चहाचा चोथा, काथ्या, कुंडीतली माती, खळ. यातलं जे जे खाण्याजोगं ते बुरशी खाते. माती-भुसा वापरायचाच तर आधी ओव्हनमध्ये किंवा लोखंडी तव्यावर मंद आचेवर ढवळत तासभर तापवा. पानांसाठी रंगवलेल्या स्पंजचा चुरा भुशापेक्षा कितीतरी निर्धोक. पातळ केलेला गोंद रोज ताजा करा. बाटलीत तीन दिवस राहिलेला गोंद आंबतो आणि तो फवारणं म्हणजे बुरशीचं विरजण लावणंच.

आलेल्या बुरशीवर स्पिरिट फवारा, तासाभराने ब्रशने झाडा, तोंडाला मास्क लावून, आणि जवळ पेटती ज्योत नको. टाकणखार (बोरॅक्स) गोंदात मिसळायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. टाकणखाराने पांढरा गोंद फाटून रबरी गोळा होतो, मुलं शाळेत स्लाइम करतात तेच हे. कॅरमची बोरिक पावडरही त्याच घराण्यातली, तीही गोंदापासून लांबच ठेवा.

धबधबे आणि डबकी

घाटाच्या लेआउटमध्ये पाणी असतंच. एपॉक्सी रेझिन ओतताना दोन गोष्टी बिघडतात. जाड ओतलं तर ते गोठताना तापतं आणि खालचा फोम बसतो. ३ मिमीचा एकच हात, पुढचा हात दुसऱ्या दिवशी. आणि दमट हवेत वर चिकट, दुधाळ साय धरते. ती कोमट पाण्याने आणि साबणाने पुसून निघते, पण त्यापेक्षा हे काम नोव्हेंबरवर ढकललेलं चांगलं. धबधब्याला सिलिकॉन वापरत असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, ते पितळ-तांब्याला गंज आणतं. बिनवासाचं घ्या.

दुरुस्तीच्या जागेचा रंग

नवा भाग उठून दिसतो तो रंगामुळे कमी, पोतामुळे जास्त. कर्जत ते लोणावळा हा १:३७ चढाचा भोर घाट १८६३ मध्ये रेल्वेला खुला झाला. तिथला कातळ पाहा. लाव्हाचे आडवे थर एकावर एक, प्रत्येक थर पायरीसारखा आत सरकलेला, आणि भेगा उभ्या. पीओपी अर्धवट कडक असताना, नख रुततं पण ठसा पसरत नाही अशा वेळी, जुन्या कटरच्या पात्याने आडव्या रेघा ओढा, मग उभे झटके द्या. ती वेळ पाच-सात मिनिटांचीच असते.

कातळ काळा रंगवू नका. आधी मध्यम करडा, त्यात चिमूटभर तपकिरी. वाळल्यावर एक भाग काळा अ‍ॅक्रिलिक, वीस भाग पाणी, वरून सोडून द्या; तो भेगांत उतरतो. शेवटी जवळपास कोरड्या ब्रशने उंच कडांवर फिकट करडा. पावसाळी देखावा असेल तर पाणी झिरपतं तिथे खालच्या बाजूला शेवाळी हिरवा, उन्हाळी असेल तर गवताला पेंढ्याचा रंग. कोकणातली लाल जांभ्याची माती या कातळाच्या पायथ्याशी टाकली तर जाणकार लगेच ओळखतो.

वेळ आणि जागा

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास जातो. ओली कामं, म्हणजे पीओपी, खडी, रेझिन, नोव्हेंबर ते मे. मधल्या पाच महिन्यांत कापणं, कोरणं, वायरिंग, झाडं वळणं, घरं जोडणं. पावसाळ्यात दुरुस्ती टाळता येत नसेल तर एसी असलेल्या खोलीत ड्राय मोडवर, आणि वजनाचा तुकडा शेजारी ठेवून.

लेआउट बाहेरच्या भिंतीपासून १०० मिमी लांब ठेवा. पावसाच्या माऱ्याची भिंत ओल धरते, आणि डोंगराची पाठ नेमकी तिलाच टेकलेली असते. आणि जून आला की वरून प्लॅस्टिक गुंडाळायची जी सवय आहे, ती सोडा. प्लॅस्टिकच्या आत रात्री दव धरतं, सकाळी फोमवरून ओघळतं. जुनी सुती चादर घाला, आठवड्यातून एकदा ती काढून तासभर पंखा सोडा, आणि पंखा चालू असतानाच पेन्सिलीने बोगद्याच्या तोंडाशी टकटक करून पाहा.